चौदा नंबरची जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. फळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं खडू, डस्टर आणि पाढे येतील. तसलं काही मनात आणू नका. माझ्यावर आजवर कुणी एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नाही. मी हत्यारांचा फळा आहे. पाने, पकडी, हातोड्या, कानशी, स्क्रू ड्रायव्हर अशी त्रेचाळीस हत्यारं माझ्या अंगाखांद्यावर टांगलेली असतात आणि प्रत्येकाच्या मागं त्याच्याच मापाची लाल आकृती रंगवलेली आहे. हत्यार जागेवर असलं की लाल रंग झाकलेला, उचललं की उघडा. काम एवढंच, पण ते मी चोख करतो. सध्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला पाठ टेकून उभा आहे. तब्येत ठणठणीत आहे. तेव्हा माझी गोष्ट निवांत ऐका.

माझा जन्म एका खोक्यातून झाला, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. लढाई सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका मोकळ्या माळावर दगडगोटे वेचून, रोलर फिरवून विमानतळ केला होता. विमानतळ म्हणजे काय, तर एक धावपट्टी, दोन पत्र्याच्या शेड, रांगेनं तंबू आणि पोटभर धूळ. तिथं विमानाचं नवं इंजिन ज्या खोक्यातून आलं, त्या खोक्याचं झाकण म्हणजे मी. इंजिन विमानात गेलं, खोक्याच्या बाजू स्वयंपाक्यानं चुलीसाठी पळवल्या, आणि झाकणावर सुतारकाका डबा खायला बसले होते म्हणून मी वाचलो.

लढाई म्हटलं की सगळ्यांना विमानात बसलेला माणूस दिसतो. त्याला वर पाठवायला खाली किती जण राबतात, ते कुणी विचारत नाही. आमच्या तळावर असे बेचाळीस जण होते. इंजिनं खोलणारे, टाकीत इंधन भरणारे, टायर बदलणारे, पॅराशूटच्या घड्या घालणारे, धावपट्टीवरचे खडे वेचणारे, ट्रक हाकणारे, स्वयंपाकी, सुतार. या तुकडीचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं की ते पूर्ण म्हणेपर्यंत चहा गार व्हायचा. म्हणून सगळे त्यांना 'मागची मंडळी' म्हणत. नावाजायला पुढचे आणि राबायला मागचे, असं ती मंडळी स्वतःच म्हणायची आणि खो खो हसायची.

सुरुवातीला सगळी हत्यारं एका गोणपाटात असत. हात घालायचा आणि येईल ते बाहेर काढायचं. एक दिवस तपासणीत एका इंजिनाच्या पोटात कानस सापडली. कुणीतरी काम करताना ठेवली आणि विसरला. विमान जमिनीवर होतं म्हणून निभावलं, पण मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी मुख्य मेकॅनिक जेवला नाही. त्याला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीचा, बुटका, कानामागं पेन्सिल आणि जिभेवर म्हणी. आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सुतारकाकांकडं आला.

"काका, मला असं काहीतरी करून द्या, की जे नाही ते दिसलं पाहिजे."

काका रंधा मारायचे थांबले. "जे नाही ते दिसलं पाहिजे? उस्ताद, टोपी न घालता उन्हात फिरलात का?"

"चेष्टा नको. हरवलेली वस्तू दिसत नाही, म्हणून तर ती हरवते. ती नाही हे लांबूनच दिसलं, तर आपण थांबू."

काकांना ते पटायला दोन चहा लागले. मग त्यांनी मला उचललं. घासून गुळगुळीत केलं, धावपट्टीच्या पट्ट्यांसाठी आणलेला पांढरा रंग दिला, आणि एकेक हत्यार माझ्या अंगावर ठेवून त्याच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवली. मला अशा गुदगुल्या होत होत्या की काय सांगू! शेवटी आग विझवायच्या बादल्यांचा उरलेला लाल रंग आकृत्यांमध्ये भरला. पितळेच्या पत्र्यातून बेचाळीस गोल बिल्ले कापले, त्यांवर नंबर ठोकले आणि प्रत्येकाला एक दिला. हत्यार घ्यायचं तर स्वतःचा बिल्ला त्या जागी टांगायचा. परत ठेवलं की बिल्ला काढून घ्यायचा. उस्तादचा बिल्ला अर्थातच एक नंबरचा.

माझी राखण भांडारवालीकडं होती. वयानं ती मंडळींत सगळ्यांत लहान, पण सगळे तिला ताई म्हणत, अगदी उस्तादसुद्धा, कारण ती सगळ्यांना सारखंच रागवायची. हत्यार पुसल्याशिवाय टांगलेलं तिला खपत नसे. एक घाईगर्दीचा मेकॅनिक होता, त्याचं नाव मंडळींनी वादळ ठेवलं होतं. तो पाना लांबूनच माझ्या खिळ्यावर भिरकवायचा आणि नेम चुकला की मलाच लागायचा. ताईनं त्याला एकदा सबंध दुपार माझ्यासमोर उभं करून त्रेचाळीस हत्यारं पुसायला लावली. त्यानंतर वादळ माझ्याशी फार अदबीनं वागू लागलं.

आता पाटीचं सांगतो, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडणार आहे. जेवणाच्या ताटाएवढी एक लाकडी पाटी होती, तिला हातभर दांडा. एक बाजू लाल, एक हिरवी. विमानाचं काम संपलं की सगळी हत्यारं माझ्यावर यायची. ताई माझ्यावरून नजर फिरवायची. उस्ताद नुसतं "हं" म्हणायचा. मग ताई शेडच्या दारात जाऊन हिरवी बाजू दाखवायची, ती पाहून धावपट्टीवरचा झेंडेवाला झेंडा खाली करायचा आणि विमान सुटायचं. हिरवी पाटी दिसल्याशिवाय झेंडा खाली नाही, ही तळाच्या मुख्य साहेबांची आज्ञा होती.

लढाई जशी सरकली तसा आमचा तळही सरकला. दोनदा तंबू उपटले, दोनदा ठोकले. प्रत्येक वेळी ट्रकमध्ये मी सर्वांत शेवटी चढायचो आणि सर्वांत आधी उतरायचो. दुसऱ्या तळावर एकदा वरून हल्ला झाला. मंडळी खंदकात पळाली आणि मी एकटा भिंतीवर राहिलो. बॉम्बची एक कपची माझ्या डाव्या कोपऱ्यातून आरपार गेली. खोटं कशाला बोलू, मी फार भ्यालो. काकांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली, वर रंग फिरवला आणि म्हणाले, "जखमी सैनिक झालास लेका." मला आठवडाभर त्याचीच मिजास होती.

कौतुकही झालं. वरून मोठे तपासनीस आले. त्यांनी माझ्याकडं दहा पावलांवरून पाहिलं आणि ताडकन म्हणाले, "तिसऱ्या रांगेतली पक्कड कुठं आहे?" ताई म्हणाली, "इंधनवाल्याकडं. त्याचा बिल्ला आहे बघा, बावीस नंबर." तपासनीस इतके खूश झाले की सगळ्या तळांवर माझ्यासारखे फळे करायचा हुकूम निघाला. मागच्या मंडळींना आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. तीन तळ झाले, सहाशेच्या वर उड्डाणं झाली, पण आपल्यामुळं एकही उड्डाण अडलं नाही. उस्ताद हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. अभिमान चांगलाच असतो. पण तो डोक्यात बसला की डोळ्यांवर येतो, हे मी तिसऱ्या तळावर पाहिलं.

तिथं डोंगरापलीकडं एक लहान इस्पितळ होतं. रस्ता तुटला होता, औषधं संपली होती, जखमी ओळीनं पडून होते. औषधांची खोकी घेऊन आमचं एक विमान जाणार होतं. डोंगरावर ढग उतरत होते. दुपारच्या आत विमान खिंडीतून पार झालं तर ठीक, नाहीतर दोन-तीन दिवस जाणं नाही. विमान नेणारा पायलट इतका उंच होता की त्याला सगळे शिडी म्हणत. आणि नेमकी सकाळी तपासणीत विमान वळवायची तार सैल निघाली. वादळ आणि बाकीचे मेकॅनिक दुसऱ्या विमानात गुंतले होते. उस्ताद म्हणाला, "मीच करतो." माझ्यावरचा चौदा नंबरचा पाना त्यानं उचलला, एक नंबरचा बिल्ला टांगला आणि गेला.

तासाभरानं तो हात पुसत परत आला. बिल्ला काढायला झरकन हात लांबवला. चौदा नंबरच्या जागेशी आल्यावर त्याचा हात थांबला. त्यानं खिसे चाचपले. थैली उलटी केली. मग स्वतःशीच पुटपुटला, "हां, ट्रकच्या शेडमध्ये राहिला. मघाशी तिथं नट आवळला होता ना." त्यानं बाहेर ढगांकडं पाहिलं, आत माझ्याकडं पाहिलं, आणि कमरेच्या थैलीतला स्वतःचा घरचा पाना काढून माझ्या चौदा नंबरच्या खिळ्यावर अडकवला. एक नंबरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

मित्रांनो, ज्या माणसानं मला नसलेलं दाखवायला शिकवलं, त्यानंच माझ्यावर नसलेलं झाकलं. त्याच्या मनात पाप नव्हतं. पाना कुठं आहे याची त्याला खात्री होती, आणि पलीकडं जखमी वाट पाहत होते. पण तो परका पाना आमच्या पान्यापेक्षा बोटभर आखूड होता. खाली लाल रंगाची पट्टी उघडी राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं. लाकडाला तोंड नसतं, म्हणून मी जमेल तेवढा लाल दिसत राहिलो.

ताई आली. वरपासून खाली नजर फिरवली आणि चौदा नंबरपाशी थांबली.

"उस्ताद, हा पाना आपला नाही."

"माझा आहे ना? मग आपलाच झाला की. आपला ट्रकच्या शेडमध्ये आहे, नंतर आणतो. चल, पाटी दाखव."

"आधी आणा, मग दाखवते."

"अगं, ढग बघ तरी! तिकडं माणसं तळमळतायत. तीस वर्षांत माझी टाचणी हरवलेली नाही."

"म्हणूनच तुम्हाला सापडायला वेळ लागणार नाही," ताई म्हणाली.

उस्तादला तिचं बोलणं झोंबलं. "हे बघ, 'हं' म्हणायचं काम माझं. मी म्हटलंय. तुझं काम पाटी दाखवायचं." आणि तो पाटी घ्यायला वळला. ताईनं काय करावं? तिच्या हातात अधिकार काही नव्हता. तिनं खुंटीवरची पाटी झटकन काढली, स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसली. फतकल मारून, दोन्ही हातांची घडी घालून. बाजूनं नुसता दांडा बाहेर आलेला.

"ऊठ," उस्ताद म्हणाला.

"नाही उठत."

"ताई, मी साहेबांना बोलावीन."

"बोलवा. त्यांनाही स्टूल देते."

बाहेर इंजिन घुरघुरत होतं. शिडी मान लांब करून दाराकडं पाहत होता. मंडळी गोळा झाली. उस्तादपुढं आजवर कुणी ब्र काढला नव्हता, आणि ही पोरगी त्याच्यापुढं पाटीवर बसून राहिली होती. मी तिच्या मागंच होतो. तिची मान ताठ होती. पाना ट्रकच्या शेडमध्ये निघाला असता, तर तिच्या हट्टापायी औषधं अडली, हे ती जन्मभर विसरली नसती. हे तिला कळत नव्हतं असं समजू नका. पुरतं कळत होतं, आणि तरी ती बसली होती.

"ठीक आहे, तुझ्या नाकावर टिच्चून आणून लावतो," असं म्हणून उस्ताद तरातरा ट्रकच्या शेडकडं गेला. जाताना पळत होता. येताना मात्र हळूहळू आला, टोपी हातात घेऊन. त्यानं शिडीला इंजिन बंद करायची खूण केली.

मग जी धावाधाव झाली! वादळानं विमानात सूर मारला, त्याचे नुसते बूट वर दिसत होते. जमिनीचे पत्रे उचकटले. पॅराशूटवाल्यांनी आरसे धरले, सुतारकाकांनी कंदील आत सोडला. सतरा मिनिटांनी आतून वादळाचा आवाज आला, "सापडला!" पायलटच्या पायांखाली ज्या कप्पीवरून वळवायची तार जाते, तिच्या मागं तो पाना निवांत पडला होता. सरळ जाईपर्यंत काही झालं नसतं. खिंडीतल्या पहिल्या वळणावर तो घसरून तार आणि कप्पीच्या मध्ये अडकला असता.

शिडीनं तो पाना हातात घेऊन पाहिला. मग स्वतःच आत येऊन माझ्यावर टांगला. लाल पट्टी झाकली गेली. उस्तादकडं कुणी पाहिलं नाही. उस्तादनं ताईकडं पाहिलं आणि म्हणाला, "हं."

ताई उठली.

विमान उशिरा सुटलं, पण खिंड बंद व्हायच्या आत पार झालं. दुपारी पलीकडून तारेनं एक शब्द आला, 'पोचलं'. स्वयंपाक्यानं त्या दिवशी सगळ्यांना दोन-दोन वेळा वाढलं आणि उस्तादला ताईनं समोर बसून जेवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादनं सगळी मंडळी माझ्यासमोर उभी केली. मान खाली घालून नव्हे, चांगली वर करून बोलला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी तुम्हाला दहादा म्हटलंय. काल मी कळसा विमानात ठेवून गावाला गेलो होतो. आपल्यामुळं एक उड्डाण अडलं. ताईमुळं अडलं, म्हणून ते परत आलं. आजपासून 'हं' म्हणायचं काम ताईचं. मी रागावलो, रडलो, पाया पडलो तरी फळा भरल्याशिवाय तिनं उठायचं नाही." वादळानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. ताई लाजून माझ्या मागं लपली.

लढाई संपली. संपते एकदाची. तुकडी मोडायचा हुकूम आला आणि हत्यारं मोडीत काढायची ठरली. साहेब म्हणाले, "मोडीतच जायचीत, तर ज्यांनी वापरली त्यांनी एकेक आठवण म्हणून न्यावी." मंडळी रांगेत उभी राहिली. वादळानं मोठी हातोडी घेतली, काकांनी कानस, स्वयंपाक्यानं अक्रोड फोडायला पक्कड. उस्तादनं चौदा नंबरचा पाना घेतला. आणि बेचाळीस जणांनी, कुणी न सांगता, सवयीनंच, हत्याराच्या जागी आपापला बिल्ला टांगला. त्रेचाळिसावं हत्यार साहेबांनी घेतलं. त्यांच्याकडं बिल्ला नव्हता, म्हणून कोटाचं बटण तोडून अडकवलं.

बिल्ल्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे. 'घेतलं आहे, परत ठेवीन.'

"ताई, आता काय करशील?" उस्तादनं विचारलं.

ताईनं पाटी काखेत मारली. "फळा भरल्याशिवाय उठायचं नाही, तुमचाच हुकूम आहे."

उस्ताद हसला, डोळे पुसत हसला, आणि ट्रकमध्ये चढला.

माझे वाईट दिवस तेव्हा सुरू झाले. फळा सरकारी माल ठरला, म्हणून अकरा वर्षं मी एका सरकारी गोदामात भिंतीकडं तोंड करून पडलो. ज्याला साऱ्या तळानं दिवसातून वीसदा पाहिलं, त्याच्याकडं बघायला एक पाल तेवढी होती. मग गोदाम रिकामं झालं आणि मला एका कोंबड्या पाळणाऱ्या बाईनं नेलं. तिनं माझं खुराड्याचं दार केलं. कुठं तो विमानतळ आणि कुठं ही पकपक! पण बाई मनाची चांगली. दार उघडताना बिल्ले किणकिणायचे ते तिला आवडायचं, म्हणून तिनं एकही काढला नाही. साहेबांच्या बटणावर मात्र एका तांबड्या कोंबडीचा डोळा होता. रोज चोच मारायची, पण बटण सरकारी होतं, टिकलं.

पाचेक वर्षांनी तिथं एक म्हातारा ड्रायव्हर अंडी घ्यायला आला. बाईनं दार उघडलं, बिल्ले किणकिणले आणि म्हातारा जागच्या जागी थबकला. तो आमच्याच ट्रकवर होता. त्यानं धावत जाऊन ताईला पत्र टाकलं. आठवड्याच्या आत ताई हातगाडी घेऊन हजर! सोबत सुतारकाका होते, पाठीत वाकलेले, पण बाईसाठी खुराड्याचं नवंकोरं दार करून आणलेलं. काकांनी माझ्या कोपऱ्यातली खुंटी अंगठ्यानं दाबून पाहिली. "अजून घट्ट आहे," ते म्हणाले. मला रडू आलं असतं, पण रंग ओघळला असता.

ताईच्या भाचीचं हे सायकलचं दुकान. माझी जागा इथं दारासमोर ठरली. ताईनं सापडतील त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. एकच ओळ: 'फळा सापडला आहे, हत्यार आणून लावावे.' आणि मंडळी येऊ लागली. वादळ आलं ते काठी टेकत. ताई म्हणाली, "वादळ कसलं, आता झुळूक झालास." त्यानं हातोडी नीट पुसून टांगली आणि बिल्ला उचलून खिशात ठेवला. साहेब आले तेव्हा त्यांच्या कोटाला एक बटण नव्हतंच. जे स्वतः येऊ शकले नाहीत त्यांची मुलं आली, सुना आल्या, नातवंडं आली. हत्यार टांगायचं, बिल्ला घ्यायचा, चहा प्यायचा आणि ताईकडून आजोबांच्या खोड्या ऐकायच्या. वर्षं गेली, लाल रंग एकेका जागी झाकला गेला. बेचाळीस जागा भरल्या.

चौदा नंबर मात्र रिकामी होती. उस्ताद तुकडी मोडल्यावर फार दूर गेला होता. ताईची पत्रं परत आली. पुढं कुणीतरी सांगितलं की तो वारला. त्या दिवशी ताई माझ्यासमोर बराच वेळ बसली, एक नंबरचा बिल्ला फडक्यानं पुसत. मग पुन्हा जागच्या जागी टांगला.

भाची एकदा म्हणाली, "मावशी, किती वर्षं त्या पाटीवर बसणार? कंबर धरते तुझी. मऊ गादी करून देते."

"गादीवर बसलं की उठवत नाही," ताई म्हणाली. "पाटी टोचते, म्हणून लक्षात राहतं."

आणि मित्रांनो, मागच्याच महिन्यात एक बाई दुकानात आली. अंगात निळा डगला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लोकांचा असतो तसा. तिनं भाचीला विचारलं, "इथं एक फळा आहे का? लाल आकृत्यांचा?" मग तिची नजर माझ्यावर गेली आणि ती खुर्चीतच बसली.

ती उस्तादची नात. घर बदलायला निघाली तेव्हा कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर पान्याची लाल आकृती रंगवलेली. "आजोबांनी रंगवली होती," ती सांगू लागली. "पाना रोज तिथंच टांगायचा, असा घरात कडक नियम. घेतला तर त्या जागी आपलं काहीतरी अडकवायचं. आजी चाव्या अडकवायची, मी केसांची रिबीन. नाही अडकवलं तर आजोबा जेवायचे नाहीत! ते स्वतः एकदा इतक्या लांबून तुमच्या गोदामावर आले होते, पाना घेऊन. गोदाम रिकामं होतं. परत गेल्यावर त्यांनी पान्याला चिठ्ठी बांधून ठेवली." तिनं पिशवीतून पाना काढला. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'हा आपला नाही. ताईचा आहे. परत करायचा आहे.'

खालचा पत्ता गोदामाचा होता. नात आधी तिथं गेली, तिथून विचारत विचारत अंड्यांच्या बाईकडं, आणि खुराड्याच्या नव्या दारावर सुतारकाकांनी कोरलेल्या स्वतःच्या नावावरून माग काढत इथवर आली.

ताईनं पाना हातात घेतला. तोंड झिजलेलं, दांडा गुळगुळीत. आधी पदराला पुसला. मग माझ्यावर टांगला आणि दोन पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मीही श्वास रोखून होतो. लाल रंगाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

"आपलाच आहे," ताई म्हणाली. एक नंबरचा बिल्ला काढून तिनं नातीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवली. मग सवयीनं परत स्टुलावर जाऊन बसली.

नातीनं माझ्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, स्टुलाच्या बाजूनं बाहेर आलेला दांडा पाहिला. आजोबांच्या तोंडून ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली असणार. तिनं घसा खाकरला आणि अगदी हळू म्हणाली, "हं."

ताई उठली.

गुडघ्यावर हात टेकून उठली, पाटी घेतली आणि दुकानाच्या दारात जाऊन हिरवी बाजू उंच धरली. रस्त्यावरून पाण्याचा टँकर चालला होता. ड्रायव्हरला काही कळेना, पण एवढ्या म्हाताऱ्या बाईनं हिरवी पाटी दाखवल्यावर न जाऊन करतो काय? त्यानं भोंगा वाजवला, हात हलवला आणि भर वेगानं निघून गेला.

मित्रांनो, मी लाकडाचा, मला शहाणपण शिकवता येत नाही. पण तुमच्या घरातही कात्री, चाव्या, शेजाऱ्यांची शिडी, मैत्रिणीचं पुस्तक असेलच. घेतलंत तर पुसून परत ठेवा. वेळ लागणार असेल तर तसं सांगून ठेवा. आणि जागा रिकामी असेल तर तिथं दुसरं काही टांगून ती झाकू नका, कितीही ढग आले तरी.

ताई आता मऊ गादीवर बसते. पाटी माझ्या शेजारच्या खुंटीला असते. काल भाचीनं चौदा नंबरचा पाना एका सायकलीसाठी घेतला आणि बिल्ला टांगायला विसरली. ताईनं लगेच गादी बाजूला केली.